कॅल्क्युलेटर कुठे ठेवलाय?

कॉम्प्युटर बिघडला तर त्याला इलाज असतो. हार्डवेअरवाला मुलगा येतो, चहा घेतो, ‘व्हायरस दिसतोय’ म्हणतो, फॉरमॅट मारतो आणि पैसे घेऊन जातो. पण कॉम्प्युटर सुधारला तर दाद कुणाकडे मागायची? रात्री मशीन बंद करताना पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ अशी विनवणी येते. सकाळी बघावं तर मशीन तेच, वायरी त्याच, माऊसखालचं जुन्या कॅलेंडरचं पानही तेच, मेनू मात्र नवा. काल जिथे वर्ड होतं तिथे आज कुणीतरी अनोळखी येऊन बसलेलं असतं. घरातले वडीलधारे चष्मा कपाळावर चढवून विचारतात, ‘कॅल्क्युलेटर कुणी हलवला?’ कुणीच कबूल होत नाही, कारण घरातल्या कुणी तो हलवलेला नसतो. तो अमेरिकेतून हललेला असतो.

मेनूचं काम तसं बघितलं तर केवढंसं! मशिनीत काय काय आहे ते दाखवायचं आणि आपण ज्यावर बोट ठेवू ते उघडून द्यायचं. एवढ्याशा कामापायी चाळीस वर्षं भल्याभल्यांची डोकी शिणली. मानसशास्त्रज्ञ नेमले गेले, काचेआड बसून लोकांच्या हाताच्या हालचाली टिपल्या गेल्या. तरी दर चार-पाच वर्षांनी मेनू नव्याने ‘सोपा’ होतो, आणि सोपा झाला की महिनाभर कुणाला काही सापडत नाही.

१९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये प्रोग्रॅम मॅनेजर नावाचे गृहस्थ होते. त्यांची खिडकी उघडायची, तिच्या पोटात आणखी खिडक्या, त्यांच्यात आयकॉन, आणि आयकॉनवर डबल क्लिक. हे डबल क्लिक ज्याने काढलं त्याने साठी ओलांडलेला माणूस माऊस धरताना पाहिला नसावा. पहिलं क्लिक केल्यावर तो थांबतो. रीतीचा माणूस आहे, समोरच्याच्या उत्तराची वाट बघतो. मग दुसरं क्लिक करतो, तोवर मशीन पहिलं विसरलेलं असतं. घाई करावी तर हात हलतो आणि प्रोग्रॅम उघडायच्या ऐवजी आयकॉनच उचलला जाऊन भलतीकडे पडतो.

मायक्रोसॉफ्टच्या लोकांना हे दिसत होतं. म्हणून त्यांनी पुढची आवृत्ती करताना पडद्याच्या तळाशी एक पट्टी आणली आणि तिच्यावर तीन बटणं ठेवली: सिस्टिम, फाइंड आणि हेल्प. एकावर झेंडा, एकावर डोळा, एकावर प्रश्नचिन्ह. मग बाहेरची माणसं बोलावून मशीनसमोर बसवली आणि सांगितलं, अमुक एक काम करून दाखवा. माणसं बसली. नुसतीच बसली. कंपनीतले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी हा किस्सा लिहून ठेवला आहे. पुढे बाकीची दोन बटणं पहिल्यातच सामावली, तरी लोक त्या उरलेल्या बटणाला हात लावेनात. शेवटी कुणाला तरी सुचलं आणि त्याच्यावर ‘स्टार्ट’ असं लिहिलं. लोक चालू झाले.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ वाजतगाजत बाजारात आलं. जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचं गाणं होतं. पण करणाऱ्यांच्या मनात धाकधूक होतीच, म्हणून नव्या मशिनीच्या पट्टीवर एक बाण सरकत सरकत त्या बटणावर येऊन धडकायचा आणि सोबत सूचना असायची, सुरुवात करायला इथे क्लिक करा. बटणाला पाटी आणि पाटीला बाण! तेव्हा मशीनसमोर बसल्यावर हात गोठतो तो फक्त आपल्याच काकांचा, हा गैरसमज काढून टाकावा. बंद करायलाही स्टार्टच दाबायचं, यावर इतके विनोद होऊन गेलेत की त्यात माझी भर नको.

आपल्याकडे ही वाट लोकांनी तोंडपाठ केली. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, आणि नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून आयुष्यात कधी माऊस न धरलेली माणसंसुद्धा वहीत लिहून घेऊ लागली: स्टार्ट, बाण, प्रोग्रॅम्स, बाण, ॲक्सेसरीज, बाण, पेंट. पेंटमध्ये दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक नारळाचं झाड काढलं की अर्धं शिक्षण झाल्यासारखं वाटे. त्या वेळच्या विंडोज ९८ मध्ये पत्त्यांचा डाव याच वाटेने आणखी आत, गेम्स नावाच्या फोल्डरात होता. ज्या साहेबांना निवृत्तीपर्यंत पेज सेटअप सापडलं नाही, ते सॉलिटेअरपर्यंत डोळे मिटून पोहोचत आणि मागे पावलं वाजली की त्याहून वेगाने परतत. तेव्हा लोकांना मेनू शिकता येत नाही, हा आरोप मला मान्य नाही. पलीकडे पत्ते असतील तर माणूस कसलाही मेनू शिकतो.

खरी गंमत त्या बटणाच्या जागेची आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. नेम धरायची वस्तू जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितका हात तिथे लवकर पोहोचतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर या नियमाला एक बक्षीस जोडलेलं आहे. पडद्याच्या कडेपलीकडे बाण जाऊच शकत नाही. म्हणून कडेला चिकटलेली वस्तू कितीही लहान असली तरी चुकत नाही, आणि कोपऱ्यात तर डोळे मिटून माऊस भिरकावला तरी नेम बसतो. ॲपलने १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये मेनूची पट्टी वरच्या कडेला चिकटवली ती फायद्याची ठरली. विंडोज ९५ ने बटण डाव्या कोपऱ्यात ठेवलं खरं, पण कडेपासून दोन-चार ठिपके अलीकडे! म्हणजे कोपऱ्यात माऊस भिरकावून क्लिक केलं की काहीच होत नसे. ही चूक पुढे सुधारली. मग २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि बटण कोपऱ्यातून उचलून मधल्या घोळक्यात नेलं. मध्ये म्हणजे एका ठिकाणी असंही नाही. जितके प्रोग्रॅम उघडाल तितकं ते डावीकडे सरकतं. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात, म्हणजे फिट्ससाहेबांच्या मते पडद्यावरच्या मोक्याच्या प्लॉटवर, आता हवामान असतं. पुण्यात पाऊस पडतोय हे ते सांगतं. खिडकी शेजारीच आहे.

मेनूतून पोटमेनूत शिरणं ही तर वेगळीच कसरत. उजवीकडे उघडलेल्या यादीतलं तळाचं नाव हवं म्हणून माणूस बाण तिरपा नेतो. वाटेत शेजारच्या ओळीला धक्का लागतो, आणि हवी ती यादी मिटून नको ती उघडते. यावर ॲपलच्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी तिरप्या वाटेला सूट देणारं एक अदृश्य त्रिकोणी क्षेत्र योजलं. विंडोजने थोडं थांबायचं ठरवलं. बाण दुसऱ्या ओळीवर गेला तरी ४०० मिलिसेकंद वाट बघायची, मगच यादी बदलायची. हा आकडा रजिस्ट्रीत शिरून कमी करता येतो हे कळल्यावर कॉलेजची मुलं तो शून्यावर आणत, ‘मशीन फास्ट केलं’ म्हणून मिरवत, आणि घरातल्या वडीलमंडळींना त्यानंतर एकही पोटमेनू हाती लागत नसे. आपण सर्वांनी काढलेला उपाय मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. श्वास रोखायचा, आधी सरळ उजवीकडे जायचं, मग खाली उतरायचं.

एवढं करून आत पोहोचलं तर तिथे निराळाच न्याय. माणूस मेनूत येतो तो काम घेऊन. पत्र लिहायचंय, पोराच्या फॉर्मसाठी फोटो पन्नास केबीचा करायचाय, बिलांची बेरीज करायचीय. मेनू त्याला विचारतो, बनवणाऱ्या कंपनीचं नाव काय? वर्षानुवर्षं स्टार्ट मेनूत आधी कंपनीच्या नावाचा फोल्डर, त्यात सॉफ्टवेअरच्या नावाचा, आणि त्याच्या तळाशी चार चीजा: प्रोग्रॅम, हेल्प, रीड-मी आणि अनइन्स्टॉल. रीड-मी आजवर कुणी रीड केलेली नाही. अनइन्स्टॉल मात्र कायम हाताच्या टप्प्यात. बाईंना मराठीत नोटीस टाइप करायची असते, हात जरा खाली घसरतो, आणि नोटीस तर होत नाहीच, टायपिंगचं सॉफ्टवेअरही राहत नाही. स्कॅनरचा प्रोग्रॅम शोधायचा तर स्कॅनरवर कुठली कंपनी लिहिलीय ते बघायला आधी टेबलाखाली वाकावं लागतं.

लिनक्सवाल्यांनी इथे शहाणपणा केला. त्यांचा मेनू कामानुसार लावलेला: ऑफिस, ग्राफिक्स, इंटरनेट, गाणी आणि व्हिडिओ. पण आत शिरून नावं वाचावी तर केट, ओक्युलर, के३बी. केट मजकूर लिहिते, ओक्युलर पीडीएफ दाखवतो आणि के३बी सीडी राइट करतो. यांची ओळख कुणी करून द्यायची? त्याचीही सोय आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी नोंद-फाइल असते, तिच्यात नावाची ओळ वेगळी आणि कामाची ओळ वेगळी. नाव फायरफॉक्स, काम वेब ब्राउझर. मला विचाराल तर हा मेनूच्या इतिहासातला सगळ्यात माणुसकीचा विचार आहे. दुर्दैव एवढंच, की ती दुसरी ओळ दाखवायची की नाही हे प्रत्येक मेनू आपल्या मर्जीने ठरवतो. ग्नोम नावाच्या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी त्यापुढे जाऊन नॉटिलसचं नाव फाइल्स केलं आणि एपिफनीचं वेब. आता मेनूत शोधायला सोपं. बिघाड झाल्यावर मात्र फोनवर ‘फाइल्स उघडत नाही’ म्हणावं तर पलीकडून प्रश्न येतो, ‘कुठली फाइल?’

मग एका टप्प्यावर मेनूला वाटू लागलं की आपण माणूस ओळखतो. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने असे मेनू आणले, जे तुमच्या सवयी बघून तुम्ही न वापरलेल्या आज्ञा लपवायचे. यादीच्या तळाशी दोन चिमुकले बाण, ते दाबले की उरलेलं कुटुंब बाहेर यायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मेल मर्ज वर्षातून एकदाच लागतो, वार्षिक सभेच्या नोटिसा काढायला. इतर दिवशी न वापरलेली ती वस्तू मेनू आत टाकून देणार आणि नेमकी सभेच्या आदल्या रात्री तिची शोधाशोध होणार. कमी लागणारी गोष्ट कमी लागते, पण लागते तेव्हा तीच लागते, हे मेनूला कोण सांगणार?

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा बघा. सात वाट्या, एकीवरही नाव नाही. तरी मोहरी तडतडत असताना हात बरोबर हळदीकडे जातो, डोळे दुसरीकडेच असतात. कारण हळद काल होती तिथेच आज आहे. उद्या डबा जर म्हणाला, ‘गेल्या आठवड्यात तुम्ही हिंग कमी वापरलंत, म्हणून ते मागे ठेवलं, आणि तुम्हाला आवडेल असं वाटून दालचिनी पुढे आणली,’ तर घरातली बाई त्या डब्याचं काय करील हे मी इथे लिहीत नाही. ऑफिसचे ते मेनू फार टिकले नाहीत. २००७ च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधल्या मेनूंची जागाच रिबन नावाच्या बटणांच्या पट्टीने घेतली, आणि लोक पुन्हा पहिल्या धड्यावर आले.

मशीन बंद करणं हा स्वतंत्र अध्याय. विंडोज व्हिस्टात त्यासाठी सात पर्यायांची यादी होती: युजर बदला, लॉग ऑफ, लॉक, रीस्टार्ट, स्लीप, हायबरनेट आणि सर्वांत शेवटी शट डाऊन. शेजारी बंद करायच्या खुणेचं एक ठळक बटण होतं, पण ते दाबलं की मशीन बंद न होता नुसतं झोपायचं. २०११ च्या ग्नोम ३ मध्ये फक्त ‘सस्पेंड’ दिसे. ऑल्ट दाबून धरलं तरच ‘पॉवर ऑफ’ प्रकट होई. विंडोज ८ मध्ये उजव्या कोपऱ्यात जायचं, तिथून निघणाऱ्या पट्टीत सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाऊन. या सगळ्यावर आपल्याकडे फार पूर्वीपासून एक रामबाण तोडगा आहे, भिंतीवरचं बटण. ते अजून तरी कुणी सुधारलेलं नाही.

२०१० ते २०१२ या दोन वर्षांत जगाला तापच चढला होता. २०१० मध्ये आयपॅड आला आणि डेस्कटॉप बनवणाऱ्या सगळ्यांची खात्री पटली की माऊसचे दिवस भरले, आता माणूस बोटांनीच काम करणार. २०११ मध्ये ॲपलने मॅकवर फोनसारखा लाँचपॅड आणला, त्याच वर्षी ग्नोमने जुना मेनू काढला. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स वैतागून काही काळ एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या डेस्कटॉपकडे राहायला गेले. आणि २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ मधून स्टार्ट बटणच नाहीसं झालं. त्याच्या जागी पडदाभर रंगीत फरशा. मग स्टारडॉक नावाच्या कंपनीने ‘स्टार्ट८’ नावाचं सॉफ्टवेअर पाच डॉलरच्या आसपास विकायला काढलं. ते टाकलं की गेलेलं बटण परत! सतरा वर्षं फुकट मिळालेलं बटण लोकांनी पैसे मोजून विकत घेतलं. वर्षभराने विंडोज ८.१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच बटण परत दिलं, पण दाबलं की पुन्हा त्याच फरशा. मेनू परतला तो २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर, आणि येताना कँडी क्रशला सोबत घेऊन. ॲपलचा लाँचपॅडही २०२५ मध्ये निवृत्त झाला. माऊस अजून नोकरीवर आहे.

इतकी वर्षं डिझायनर मेनू रचत असताना सामान्य माणूस काय करत होता? तो मेनूत जातच नव्हता. त्याने सगळं डेस्कटॉपवर मांडून ठेवलं होतं. कुठल्याही सरकारी कचेरीत, दुकानात, निवृत्त शिक्षकाच्या घरात जाऊन बघा. पडदा आयकॉनने गच्च, मागे वॉलपेपरला गणपती किंवा नातू, आणि एकही आयकॉन गणपतीच्या चेहऱ्यावर नाही. सोंडेच्या डावीकडे बँकेचं काम, उजवीकडे मुलीच्या लग्नाचे फोटो, पायाशी कॅल्क्युलेटर. बाहेरच्याला हा पसारा दिसतो. मालकाला विचारा, तो प्रत्येक गोष्ट बिनचूक काढून देतो. जागा पक्की, ओळख पक्की, एक पायरी.

हल्ली म्हणतात, आता मेनू हवाच कशाला, नाव टाइप करा की सापडतं. मॅकवर २००५ मध्ये स्पॉटलाइट आलं, व्हिस्टाने शोधायची जागा स्टार्ट मेनूतच दिली. सोय उत्तम आहे, फक्त ज्याच्या कीबोर्डवर इंग्रजी चालू असेल त्याची. आपला माणूस मराठीत अर्ज टाइप करत असतो, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असतो, आणि मध्येच त्याला पेंट हवं असतं. तो इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे पाच कळा दाबतो आणि शोधाच्या चौकटीत उमटतं, ‘जोगलू’. मशीन सगळीकडे जोगलूचा शोध घेतं. कॅल्क्युलेटरची पहिली चार अक्षरं दाबली की ‘मोतम’ निघतो. जोगलू आणि मोतम हे दोघे महाराष्ट्रातल्या बहुतेक मशिनींवर रोज शोधले जात असतील आणि अजून एकदाही सापडले नसतील. कीबोर्डची कुठली भाषा चालू आहे हे स्वतःला माहीत असलेल्या यंत्राला एवढा हिशेब लावता येऊ नये?

म्हणून मेनू रचणाऱ्यांना, ते रेडमंडला असोत, क्युपर्टिनोला असोत की हिंजवडीत, इतकंच सांगणं आहे. वस्तूला तिचं काम लिहा, बनवणाऱ्याचं कूळ नको. बटण कोपऱ्यात ठेवलंत तर पुरतं कोपऱ्यात ठेवा. बंद करायला एकच बटण द्या आणि ते दाबल्यावर बंद व्हा. विचारल्याशिवाय काही लपवू नका, काही पुढे करू नका. आणि रात्रीतून सुधारण्याची हौस आली तर आतून सुधारा, बाहेरची जागा तशीच राहू द्या. मेनू चांगला तोच, जो कालच्या जागी सापडतो.

वाचकांपैकी जे दिवाळीला, गणपतीला घरी जातात त्यांनाही एक विनंती. आईवडिलांच्या मशिनीत अँटिव्हायरस टाका, जुने फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, पंख्यातली धूळ काढा. पण त्यांचा डेस्कटॉप नीट लावून देऊ नका. तो नीटच लावलेला आहे.